जपान रेल पास हातात आहे, पण शिंकान्सेनमध्ये जागा कुठाय? आरक्षणाचा नेमका क्रम

जपान रेल पास घेतलेल्यांचे प्रश्न गेली काही वर्षं ऐकतो आहे, आणि त्यात एकच घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. माणसं पास घेतात, विमानतळावर उतरल्या उतरल्या तो चालू करून टाकतात आणि गाड्यांचा विचार मग करतात. खरा क्रम याच्या अगदी उलट आहे. आधी गाड्या ठरवायच्या, त्यावरून तारखा, तारखांवरून पास कधी सुरू करायचा ते, आणि जागेचं आरक्षण सगळ्यात शेवटी.

पास म्हणजे प्रवासाचं भाडं. जागेचं तिकीट वेगळं असतं, ते फुकट मिळतं, पण मागावं लागतं. जपानमध्ये आपल्यासारखी वेटिंग लिस्ट किंवा आरएसी नाही. जागा असेल तर लगेच पक्की मिळते, नसेल तर ती गाडी सोडून दुसरी बघायची.

पायरी १ : पास घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा

पहिली गोष्ट, पात्रता. हा पास 'टेम्पररी व्हिजिटर' म्हणून, म्हणजे अल्प मुदतीचा पाहुणा म्हणून देशात आलेल्यांसाठी आहे. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या परदेशी नागरिकाला तो वापरता येत नाही. मुलाला भेटायला टोकियोला गेलेल्या आईवडिलांना पास चालतो, तिथे नोकरी करणाऱ्या त्या मुलाला चालत नाही. पुष्कळ घरं तिघांचे पास घेतात आणि एक वाया जातो.

दुसरी, नाव. पासवरचं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही छापलेलं असतं. फॉर्म भरताना घाईत ते गळतं. पासपोर्ट समोर उघडून ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच नाव भरा.

तिसरी, कुठून घ्यायचा. इथे दोन वाटा आहेत आणि आरक्षणाचं पुढचं सगळं या निवडीवर ठरतं:

- जेआर (जपान रेल्वे) कंपन्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलात, तर जपानला पोहोचण्याआधी घरबसल्या जागा राखून ठेवता येतात.
- प्रवासी संस्थेकडून घेतलात, तर हातात पास पडत नाही, 'एक्स्चेंज ऑर्डर' पडते. जपानमध्ये गेल्यावर ती देऊन पास घ्यायचा आणि त्यानंतरच आरक्षण करायचं. ही ऑर्डर दिल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बदलून घ्यावी लागते.

एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन किंवा नाताळनंतरचा नववर्षाचा आठवडा, या गर्दीच्या सुट्ट्यांपैकी कशातही तुमचा प्रवास असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. बाकी दिवसांत दुसरी वाटही चालते.

पैशांचं एकच वाक्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर वाढून सात दिवसांचा साधा पास ५०,००० येन झाला, आणि टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साधारण २८,००० येनांत होतं. तेवढाच प्रवास असेल तर पास घेऊच नका, सुटी तिकिटं काढा.

पायरी २ : गाड्यांची नावं पक्की करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, ही एक गाडी नाही. एकाच रुळावरून वेगवेगळ्या नावांच्या गाड्या धावतात आणि पासच्या दृष्टीने प्रत्येक नावाचा नियम निराळा आहे.

टोकियो-नागोया-क्योटो-ओसाका मार्गावर सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात जास्त फेऱ्यांची गाडी म्हणजे नोझोमी. ती पासवर चालत नाही. ओसाकाच्या पुढे क्युशूकडे धावणारी मिझुहोही चालत नाही. मोबाइलवरच्या नकाशात टोकियो-क्योटो शोधलं की तो बहुतेक वेळा नोझोमीच दाखवतो, आणि नवखा माणूस तीच वेळ वहीत टिपून घेतो. पासवर चालतात त्या हिकारी आणि कोदामा, ओसाकाच्या पुढे साकुरा. टोकियो-क्योटोला नोझोमीला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, हिकारीला साधारण दोन तास चाळीस मिनिटं. तेवढ्या फरकाचं दुःख करू नये. कोदामा मात्र प्रत्येक स्थानकावर थांबते, लांबच्या प्रवासाला ती नको.

हिकारी टोकियोहून तासाला साधारण दोनच असतात. म्हणून जागा भरतात त्या हिकारीच्या, आणि आरक्षणाची घाई लागते ती याच गाडीसाठी.

हिरोशिमाला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. टोकियोहून निघणारी हिकारी हिरोशिमापर्यंत जात नाही. वाटेत साकुरा पकडावी लागते, म्हणजे आरक्षणाची तिकिटं दोन. बदल शिन-ओसाकाला करता येतो, पण ओकायामापर्यंत जाणारी हिकारी मिळाली तर मी शिन-कोबेला बदल करायला सांगेन. तिथे एका दिशेला एकच फलाट आहे. उतरायचं, तिथेच उभं राहायचं आणि मागून येणाऱ्या साकुरात चढायचं. सामान घेऊन जिने चढणं नाही, फलाट शोधणं नाही.

बदल नकोच असेल तर पासधारकांना जादा पैसे भरून नोझोमी किंवा मिझुहोने जाता येतं. ही सोय ऑक्टोबर २०२३ पासून आहे. एका बाजूचा जादा आकार टोकियो-नागोया ४,१८० येन, टोकियो-क्योटो किंवा शिन-ओसाका ४,९६० येन, टोकियो-हिरोशिमा ६,५०० येन असा ठरवला गेला. क्योटोसाठी हे पैसे घालवू नयेत असं माझं मत. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असताना थेट हिरोशिमा गाठायचं असेल, तर मात्र खर्च करायला हरकत नाही.

उत्तरेकडे चित्र वेगळं आहे. सेंदाई, आओमोरीकडे जाणारी हायाबुसा, आकिताची कोमाची आणि कानाझावाकडची कागायाकी या पासवर पूर्ण चालतात, पण त्यांत अनारक्षित डबाच नसतो. 'बघू, ऐनवेळी चढू' हा बेत इथे लागू पडत नाही. कानाझावासाठी हाकुताकामध्ये अनारक्षित डबे असतात, ती ऐनवेळचा पर्याय म्हणून लक्षात ठेवा.

क्योटोहून कानाझावाला जाणाऱ्यांनी जुने लेख बाजूला ठेवावेत. १६ मार्च २०२४ ला होकुरिकू शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली. तेव्हापासून ओसाका-क्योटोकडून येणारी थंडरबर्ड एक्स्प्रेस त्सुरुगालाच संपते आणि पुढे शिंकान्सेन घ्यावी लागते. थंडरबर्डचे सगळे डबे आता आरक्षित आहेत. म्हणजे इथेही तिकिटं दोन, आणि दोन्ही एकदमच काढायची.

गाड्या शोधायला जोरुदान किंवा नाविताइमचं जपान ट्रॅव्हल ॲप वापरा. दोन्हींत पासवर चालणाऱ्या गाड्याच दाखवण्याची सोय आहे. ती निवड चालू केल्याशिवाय शोधू नका.

> थांबा, तपासा : प्रत्येक प्रवासासमोर गाडीचं नाव आणि क्रमांक लिहिलात का? 'सकाळी नऊची' पुरत नाही. 'हिकारी ५०७' असं हवं. आणि प्रत्येकासाठी पुढची एक पर्यायी गाडीही लिहा.

पायरी ३ : पासचे दिवस गाड्यांवर बसवा

पास सात, चौदा किंवा एकवीस सलग दिवसांचा असतो. दिवस तारखेनुसार मोजतात, तासांनी नाही. १० तारखेला संध्याकाळी सहा वाजता पहिली गाडी पकडलीत तरी १० तारीख हा पहिला दिवस, आणि सात दिवसांचा पास १६ तारखेला संपला.

पहिले तीन दिवस टोकियोतच फिरणार असाल तर पास चौथ्या दिवसापासून सुरू करा. पहिली लांबची गाडी आणि शेवटची लांबची गाडी या दोघी सात दिवसांच्या कमानीत बसवणं हेच खरं गणित. एखादा मुक्काम पुढेमागे केला तर चौदाऐवजी सात दिवसांचा पास पुरतो, असं पुष्कळदा होतं.

पासच्या मुदतीबाहेरच्या तारखेची जागा पासवर राखता येत नाही. सुरुवातीची तारीख चुकली तर आरक्षणही कोसळतं.

पायरी ४ : आरक्षण कधी उघडतं?

प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानच्या वेळेनुसार सकाळी दहा वाजता. भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. १२ मेच्या गाडीचं आरक्षण १२ एप्रिलला उघडतं. आधीच्या महिन्यात ती तारीखच नसेल, उदाहरणार्थ ३१ मे, तर त्याच महिन्याच्या १ तारखेला, म्हणजे १ मेला उघडतं.

अधिकृत संकेतस्थळावरून पास घेतलेल्यांनी गर्दीच्या दिवसांत ही वेळ चुकवू नये. साध्या मंगळवार-बुधवारी इतकी घाई नसते, आदल्या दिवशीही जागा मिळते. शुक्रवारी संध्याकाळ, रविवारी दुपारनंतर आणि चेरीच्या बहराचे दिवस मात्र आधी उरकून घ्यावेत.

> सावधान : स्मार्टईएक्स हे ॲप तुमच्यासाठी नाही. ते शिंकान्सेनची पूर्ण भाड्याची तिकिटं विकतं आणि जपान रेल पासशी त्याचा काही संबंध नाही. 'जागा राखली' असं वाटतं, आणि खात्यातून पूर्ण भाडं गेलेलं असतं.

पायरी ५ : सामान मोजा, मग जागा निवडा

ही पायरी लोक आरक्षणानंतर करतात, आणि मग पुन्हा रांगेत उभे राहतात.

सूटकेसची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज करा. चाकं आणि मूठ धरून मोजा. बेरीज १६० सेंटिमीटरपर्यंत असेल तर प्रश्न नाही. १६० च्या वर आणि २५० पर्यंत असेल, तर टोकियो-ओसाका-हाकाता आणि क्युशूच्या शिंकान्सेनमध्ये मोठ्या सामानाची जागा असलेलं आसन राखावं लागतं. ही आसनं डब्याच्या शेवटच्या रांगेत असतात, सामान त्यांच्या मागे ठेवायचं. जादा पैसे पडत नाहीत, पण मागावं लागतं. न राखता असं सामान घेऊन चढलात तर १,००० येन भरावे लागतात. २५० च्या वरचं सामान गाडीत घेतच नाहीत. हायाबुसा किंवा कागायाकीच्या मार्गांना हा नियम लागू नाही.

शेवटच्या रांगेतल्या जागा मोजक्याच असतात. चौघांच्या घरात चार मोठ्या बॅगा असतील तर मला घरपोच सामान पाठवणारी ताक्क्युबिन सेवा बरी वाटते. हॉटेलातून बॅग पाठवली की सहसा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात मिळते, आणि तुम्ही पाठीवरच्या पिशवीनिशी मोकळे.

आता आसन. टोकियो-ओसाका मार्गावर साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसनं असतात: ए-बी-सी, मग वाट, मग डी-ई. टोकियोहून क्योटोकडे जाताना फुजी उजव्या हाताला येतो, म्हणजे ई खिडकी. परतीलाही अक्षर ई-च, फक्त हात डावा. ग्रीन, म्हणजे वरच्या वर्गाच्या, डब्यात आसनं दोन-दोन असल्याने तिथे डी मागा. साकुराच्या आरक्षित साध्या डब्यांतही आसनं दोन-दोन असतात, त्यामुळे बसायला ऐसपैस वाटतं.

सहा वर्षांखालच्या मुलाला पास लागत नाही, पण मग ते मांडीवर. त्याला स्वतंत्र आसन हवं असेल तर मुलाचा पास किंवा तिकीट घ्यावं लागतं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना पास अर्ध्या दरात मिळतो.

पायरी ६ : जपानमध्ये उतरल्यावर पास हातात घ्या

पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवरून हलण्याआधी पासपोर्ट उघडून बघा. 'टेम्पररी व्हिजिटर' असं लिहिलेलं स्टिकर किंवा शिक्का त्यावर असला पाहिजे. व्हिसा वेगळा आणि ही नोंद वेगळी. पास देताना ही नोंद बघतात, म्हणून ती दिसली नाही तर तिथेच विचारा.

मग जेआरच्या तिकीट कार्यालयात जा. नारिता, हानेदा आणि कान्साई विमानतळांवर ती आहेत, पण विमानं उतरली की रांगा लांबतात. पास आजपासून सुरू करायचा नसेल तर ही रांग सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या स्थानकावर काम करा. पास आज घेऊन सुरुवातीची तारीख पुढची सांगता येते, एका महिन्याच्या आतली कोणतीही. ती तारीख स्वतः तोंडाने सांगा. 'आजपासून का?' या प्रश्नाला थकून 'हो' म्हणणारे खूप आहेत, आणि एकदा पासवर तारीख छापली की ती बदलत नाही.

> थांबा, तपासा : खिडकी सोडण्याआधी पासवरच्या दोन्ही तारखा आणि नाव वाचा. पास हरवला तर पुन्हा मिळत नाही, तेव्हा तो पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.

पायरी ७ : प्रत्यक्ष आरक्षण

खिडकीवर करणार असाल तर एक चिठ्ठी करून न्या, इंग्रजीत, ठळक अक्षरांत. प्रत्येक गाडीसाठी एक ओळ आणि तिच्यात याच क्रमाने:

१. तारीख
२. गाडीचं नाव आणि क्रमांक
३. कुठून, कुठपर्यंत
४. सुटण्याची वेळ, चोवीस तासांच्या घड्याळात
५. किती माणसं
६. आसन: खिडकी, एकत्र, किंवा मोठ्या सामानाची जागा

स्थानकाचं नाव पूर्ण लिहा. शिंकान्सेन ओसाका स्थानकावर थांबत नाही, शिन-ओसाकाला थांबते. तसंच शिन-योकोहामा आणि शिन-कोबे. नावातलं 'शिन' म्हणजे नवीन, आणि ही स्थानकं जुन्या स्थानकांपासून दूर आहेत.

भाषेची अडचण असो वा नसो, ही चिठ्ठी सरकवली की काम झपाट्याने होतं. सगळ्या प्रवासाची तिकिटं एकाच फेरीत काढा, आणि घरातल्या सगळ्यांचे पास आणि पासपोर्ट सोबत न्या.

मशीनवर करणार असाल तर आरक्षित तिकिटांचं मशीन शोधा, भाषा इंग्रजी करा आणि जपान रेल पासचा पर्याय निवडा. मशीन पास आत घालायला सांगतं आणि पासपोर्ट क्रमांकातले आकडे विचारतं. पुढे तारीख, स्थानकं, गाडी आणि आसनांचा नकाशा. शेवटच्या पडद्यावर रक्कम शून्य दिसायला हवी. तिथे येनचा आकडा दिसला तर तुम्ही नोझोमी किंवा मिझुहो निवडली आहे, किंवा पासचा पर्याय न घेता साधं तिकीट काढता आहात. मागे फिरा.

संकेतस्थळावरून आधीच जागा राखल्या असतील तरी छापील तिकीट घ्यायचं विसरू नका. गाडीत चढण्याआधी मशीन किंवा खिडकीवरून ते काढून घ्यावं लागतं.

> थांबा, तपासा : तिकिटावर पाच गोष्टी वाचा: तारीख, गाडीचं नाव, सुटण्याची वेळ, डबा, आसन. जपानी बोर्डांवर आणि घोषणांत डब्याला 'गोशा' म्हणतात. चूक आत्ता सापडली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते.

पायरी ८ : गेटपासून आसनापर्यंत

गेटमध्ये फक्त पास घालायचा. जागेचं तिकीट घालायचं नाही, ते हातात ठेवा. पुढच्या बाजूने पास बाहेर येतो तो उचलायला विसरू नका. गर्दीत पास मशीनच्या तोंडाशीच राहून जातो, आणि हरवलेल्या पासचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

फलाटावर डब्यांचे क्रमांक जमिनीवर लिहिलेले असतात. तुमच्या क्रमांकासमोर रांगेत उभे राहा. मधल्या स्थानकांवर गाडी अनेकदा मिनिटभरच थांबते. गाडी आल्यावर डबा शोधायला धावलात तर सामानासकट चुकीच्या दारातून चढाल.

उत्तरेकडे ही चूक महागात पडते. हायाबुसा आणि कोमाची मोरिओकापर्यंत जोडून धावतात: १ ते १० डबे हायाबुसाचे, ११ ते १७ कोमाचीचे. मोरिओकाला दोन्ही सुट्या होतात, आणि चालू गाडीत एकीतून दुसरीत जाता येत नाही. आओमोरीला निघालेला माणूस आकिताच्या वाटेला लागतो.

पायरी ९ : बेत बदलला, गाडी चुकली

गाडी सुटण्याआधी कळलं तर खिडकीवर जाऊन तिकीट बदला, पैसे पडत नाहीत. जाणारच नसाल तरीही आरक्षण रद्द करा. हिकारीच्या जागा आधीच कमी, आणि तुमच्या रिकाम्या आसनावर दुसरं कुणी तरी बसलं असतं.

गाडी सुटून गेली तर ते आसन गेलं, पास मात्र शाबूत आहे. हिकारी, कोदामा किंवा साकुराच्या अनारक्षित डब्यातून पुढच्या गाडीने जाता येतं. हिकारीत हे डबे १ ते ५, साकुरात १ ते ३. टोकियोहून चढणार असाल तर गाडी सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी रांगेत लागा. गाडी तिथूनच निघत असल्याने बसायला मिळण्याची शक्यता बरी असते. क्योटोला मधेच चढणाऱ्यांना गर्दीच्या वेळी उभं राहावं लागू शकतं.

हायाबुसा, कोमाची किंवा कागायाकी चुकली तर तसेच पुढच्या गाडीत चढू नका. अनारक्षित डबा नाही, तेव्हा आधी खिडकी, नवीन जागा, मग फलाट. आणि रांगेत उभं राहतानाच पायरी २ मध्ये लिहून ठेवलेली पर्यायी गाडी बाहेर काढा, खिडकीवर तोच कागद पुढे करायचा आहे.